हुरडा आणि मोहरीचं पाणी

सन १९५५, पौष महिना. मी तेवीस वर्षांचा होतो आणि तळवड्यात माझ्याइतका शहाणा दुसरा कुणी नाही याबद्दल माझी पक्की खात्री होती. शाळा तिसरीपर्यंत. चौथीच्या पहिल्याच आठवड्यात मास्तर म्हणाले, "शंकर, पुन्हा म्हण." मी म्हणालो, एकदा म्हटलंय तेवढं पुरे. दप्तर उचललं आणि घरी आलो. ते दप्तर परत शाळेत गेलं नाही, पुढं त्यात आईनं मेथीचं बी ठेवलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण 'पुन्हा' या शब्दाशी माझं कधी जमलंच नाही. पुन्हा विचारायचं नाही, पुन्हा ऐकायचं नाही. ऐकलं तेवढं ऐकलं.

आता ऐंशी ओलांडून बरीच वर्षं झाली. गुडघे गेले, दात गेले, पण ती सवय काही गेली नाही म्हणतात घरातले. म्हणोत.

परवा हे सगळं वर आलं त्याला कारण आमची नात पूर्वा. ती इथल्याच आयटीतल्या एका कंपनीत जाते. जिथं तिची काचेची इमारत उभी आहे तिथून हाकेच्या अंतरावर आमचं शाळूच्या ज्वारीचं वावर होतं, खाली इंद्रायणी. तिला मी हे चार वेळा सांगितलंय आणि चारही वेळा ती "हो ना आबा" म्हणाली आहे. तर रविवारी बघतो, ही ओट्यापाशी मोबाइल उभा करून काय तरी करतेय. लोणच्याची बरणी उघडी, खार गाळून घेतलेला, बर्फ, लिंबू, एक उभी चिरलेली हिरवी मिरची आणि सोड्याची बाटली. पेल्याच्या काठाला तिखटमीठ लावलेलं.

"काय गं हे?"

"पिकल कॉकटेल, आबा. बिनदारूचं आहे, घाबरू नका. चाखता?"

मी विचारलं, "गूळ घातलास का?"

"गूळ? ह्यात कशाला गूळ?"

"न्हाई ना घातलास? मग आण."

तिला वाटलं म्हातारा साखरेच्या दुखण्याला भितोय. मी पेला घेतला, नाकाशी नेला, आणि मोहरीचा तो झणका मेंदूपर्यंत गेला तसा मी ओट्यापाशी राहिलोच नाही. थेट वावरात. समोर आगटी पेटलेली, आणि दादा मांडी घालून बसलेला.

हुरड्याचे दिवस ज्यानं बघितले त्याला सांगायला नको, ज्यानं बघितले नाहीत त्याला सांगून कळणार नाही, तरी सांगतो. पौषातलं ऊन असतं ना, ते अंगावर पडत नाही, खांद्यावर हात ठेवतं. शाळूची कणसं दुधात आलेली. दाणा दाबला तर पांढरा थेंब फुटतो. आजूबाजूला नुसती सळसळ, आणि तिच्यावर चिमण्यांचा दंगा. जमिनीत हातभर खड्डा करायचा, त्यात गोवऱ्या रचायच्या, ती आगटी. निखारा फुलला की कणसं त्यात खोचायची. वास सुटतो, भाजल्याचाही आणि ओल्या हिरव्याचाही, दोन्ही एकदम. तळहाताला राख लावून गरम कणीस चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा, आणि ते हिरवे मऊ दाणे समोरच्याच्या ओंजळीत टाकायचे. भाजणाऱ्यानं स्वतः आधी खायचं नाही, ही रीत. सोबत लसणाची चटणी, दही, गूळ, झाडाखालची बोरं. महिनाभर हेच. एकाचं वावर संपलं की दुसऱ्याचं. आता हुरडा पिशवीत मिळतो, फ्रीजमधला. मी खातो, पण बोलत नाही काही.

माझा थोरला भाऊ किसन, आमचा दादा, हुरडा भाजण्यात पंचक्रोशीत एक नंबर. एक दाणा करपायचा नाही, एक कच्चा राहायचा नाही. निघोज्याहून माणसं यायची त्याच्या हातचं खायला. पण दादाचं असं होतं की अकरा महिने माणूस गाईसारखा, आणि बारावा महिना हुरड्याचा. दारूबंदी होती, म्हणून ओढ्यापलीकडं बाभळीत हातभट्टी होती. हुरड्याची मंडळी जमली की गेनू, दादाचा लंगोटीयार, तिकडून एक बाटली बंडीखाली घेऊन यायचा. आधी घोट, मग नवटाक, मग मोजदाद नाही. संध्याकाळी मी दादाला पाठीवर घेऊन घरी आणायचो. सलग तीन वर्षं. पाठीवर तो मला पूर्ण रस्ताभर सांगायचा की शंकऱ्या, मी अजिबात प्यायलेलो न्हाई.

तिसऱ्या वर्षी मात्र हसण्यावारी नेण्याजोगं राहिलं नाही. मी बाजाराला गेलो होतो. दादा आगटीपाशीच आडवा झाला आणि वाऱ्यानं ठिणगी वैरणीच्या गंजीवर गेली. गंज पेटली तरी गडी घोरत होता. वहिनी भाकरी घेऊन येत होती, कडेवर चार महिन्यांची पोर. पोर बांधावर ठेवली, दादाचे दोन्ही पाय धरले आणि ओढत ओढत त्याला ढेकळांत आणलं. गंज गेली. दादाची भुवई गेली एका बाजूची, ती नंतर उगवली. वहिनी काही बोलली नाही. वर्षभर काही बोलली नाही. पुढच्या दिवाळीला माहेरी माणला जायला निघाली, पोर काखेत, बोचकं डोक्यावर, आणि उंबऱ्यात माझ्यापाशी थांबली.

"भाऊजी, हुरडा निघाला की ह्यांचा पाय तिकडं वळतो. ह्या साली हुरडा कोरडा गेला तर गाडी पाठवा, मी येते. न्हाई गेला तर पाठवू नका."

"आणि मग?"

"मग काय? माझ्या बापाला मी जड न्हाई."

दादा आत पडवीत होता. त्यानं सगळं ऐकलं. संध्याकाळी त्यानं देवापुढची भंडाऱ्याची कोयरी उचलली, कपाळाला लावली, ठेवली, आणि मला म्हणाला, "मी सोडली रं. पण हुरड्यात तोंड कोरडं न्हाई राहत शंकऱ्या. काय तरी लागतं. झणझणीत. ताकानं न्हाई भागत."

मी म्हणालो, "काय लागतं ते मी बघतो."

आई म्हणाली, "तू काय बघतोस? तुला चहा करता येत न्हाई."

त्याच क्षणी ते माझ्या अब्रूचं काम झालं.

आता इथं वहिनीच्या वडलांबद्दल सांगायला हवं. माणचे तात्या. देहूरोडच्या छावणीत साहेबांच्या मेसमध्ये वाढपी होते, पांढरा कोट, पितळी बटणं. दारूबंदीतही तिथल्या साहेबांना मोकळीक होती. तात्यांनी शेकडो पेले भरले, पण स्वतः थेंब चाखला नाही. वास घेऊन सांगायचे, ही कुठली आणि किती पाणी घातलंय. दादाच्या लग्नात पंगतीला बसल्यावर त्यांनी एक गोष्ट सांगितली होती, ती माझ्या डोक्यात राहिली होती. "साहेबाचं सगळं उफराटं. आपण जेवणात लोणचं खातो, तो दारूत लोणच्याचं पाणी घालतो! खारवलेल्या फळांची बरणी असते, हिरव्या बोरांसारखी फळं. त्या खाराचा एक चमचा पेल्यात. म्हणतो, कॉकटेल."

पंगत हसली होती. मी हसलो नव्हतो. मी दिवाळीनंतर ते आठवलं आणि हिशेब मांडला. साहेबाच्या पेल्यात दोन गोष्टी, एक दारू आणि एक लोणच्याचा खार. दारू काढली तर काय उरतं? खार. म्हणजे झणझणीत जे काय असतं ते त्यातच असणार. हा विचार मला इतका भारी वाटला की मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही, तो सांडू नये म्हणून.

पहिला प्रयोग आईच्या कैरीच्या लोणच्यावर. वाटीभर खार, तांब्याभर पाणी. वर तेलाचा तवंग, खाली मेथी. दादा एक घोट प्यायला आणि म्हणाला, "ह्यापरीस भट्टीची बरी." दुसरा लिंबाच्या लोणच्याचा. तो प्यायला आणि नुसता माझ्याकडं बघत राहिला. आईनं बरण्या फळीवर वर नेऊन ठेवल्या.

मग देवीमावशी भेटली. आमच्या गाजरांचं पोतं सायकलीच्या मागं बांधून मी पिंपरीच्या कॅम्पात विकायला जायचो. फाळणीनंतर सिंधी माणसं तिथं बराकींतून राहायची. आठ-नऊ वर्षांपूर्वी घरदार टाकून आलेली, पण दारात तुळशीला पाणी आणि ओट्यावर पापड वाळत घातलेले. देवीमावशी सात क्रमांकाच्या बराकीतली. गाजरं एकेक उचलून बघायची, बारीक लालबुंद तेवढी घ्यायची, आणि घ्यायची पण चार शेर. मी एकदा विचारलं, एवढ्या गाजरांचं करता काय? तिनं आतून काचेची बरणी आणली. पिवळसर गढूळ पाणी, त्यात गाजराच्या आणि सलगमाच्या फोडी. एका पेल्यात ओतलं आणि म्हणाली, "पियो."

मी प्यायलो.

काय सांगू! आधी आंबट, मग खारट, मग मोहरी जी नाकात शिरली ती टाळूला धडकून डोळ्यांवाटे बाहेर आली. लसूण मागून आला. मी सायकलीची सीट धरून उभा राहिलो. मावशी हसत होती, तोंडाला पदर लावून.

"लोणच्याचं पाणी?" मी विचारलं.

"अचार का पानी. तेल नहीं. हम लोग रोज पीते."

मला पाहिजे ते हेच होतं. मी म्हणालो, सांगा कसं करता. ती सांगू लागली. गाजरं उकळत्या पाण्यातून काढायची. मोहरी जाडसर वाटायची. मीठ, हळद, लसूण, लाल मिरची. पाणी उकळून गार केलेलं. चार दिवस उन्हात. इथपर्यंत मी ऐकलं आणि सायकल वळवली. कळलं होतं सगळं. ती मागून आणखी काहीतरी सांगत होती, दारातून हात हलवत, चार पावलं पुढंही आली. मी सायकलवरूनच म्हणालो, "व्हय व्हय, समजलं!"

माणसाचं आयुष्य बघा, किती वेळा कुणीतरी मागून ओरडत असतं आणि आपण "समजलं" म्हणत पुढं निघालेले असतो. नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, आबा, मला पण तुम्ही असंच करता. मी म्हणालो, समजलं.

पहिलं मडकं पौष लागता लागता घातलं. चार दिवस छपरावर उन्हात. पाचव्या दिवशी वावरात नेलं. देहूरोडच्या बाजारातून गोळीच्या सोड्याच्या चार बाटल्या आणल्या होत्या, कारण साहेबाच्या पेल्यात बुडबुडे असतात असंही तात्या म्हणाले होते. अर्धा पेला मोहरीचं पाणी, वर सोडा, आगटीत भाजलेली एक मिरची बुडवलेली. बाटलीची गोळी अंगठ्यानं आत दाबली की जो आवाज येतो त्याला पाखरं उडायची. दादानं पेला तोंडाला लावला. सगळे बघत होते. त्याची मान आधी मागं गेली, मग डोळे मिटले, मग एक पाय आपोआप झटकला गेला.

"नाकातनं धूर निघाला का रं माझ्या?"

"निघाला की."

"मग भर आणखी."

त्या दिवशी गेनूची बाटली बंडीखालीच राहिली. त्यानं दोनदा काढून दाखवली. "किसनराव, गाजराचं पाणी पितोस? अरं बैल पितात ते."

दादा म्हणाला, "बैल तुझ्यापेक्षा सरळ चालतात गेनू."

दोन आठवडे असे गेले. रोज संध्याकाळी दादा स्वतःच्या पायांनी घरी यायचा. मी त्याच्या मागून चालायचो आणि माझी पाठ मोकळी मोकळी वाटायची, जशी एखादी जागा रिकामी झाल्यावर वाटते. वाटेत तो बोलायचा. पोर आता पळायला लागली असेल. ती मला वळखंल का रं. वहिनीचं नाव घ्यायचा नाही, पण माणच्या रस्त्याला गाडीचा आवाज आला की थांबायचा. तो हुरडा मला जितका गोड लागला तितका पुढं कुठलाच लागला नाही.

बरं, मग निरोप आला. हुरड्याच्या शेवटच्या दिवशी तात्या स्वतः येणार. बघायला. उघड कुणी म्हणालं नाही, पण बघायलाच.

माझ्या डोक्यानं तिथं उचल खाल्ली. व्याही येणार, त्यांच्यापुढं रोजचंच पाणी ठेवायचं? आपल्यात दारी आलेल्या माणसाला आधी काय देतात? गूळ आणि पाणी. उन्हातून आलेल्या वाटसरूलासुद्धा गुळाचा खडा देतात. आणि आमच्याकडं लिंबाच्या लोणच्यात गूळ असतो, आंब्याच्या लोणच्यात गूळ असतो. देवीमावशीनं गूळ सांगितला नव्हता हे खरं, पण मला वाटलं, बिचारी परमुलखातून आलेली, तिला कुठला चांगला गूळ मिळणार. मी खास तात्यांसाठी मोठं मडकं घातलं. मोहरी दुप्पट. गुळाची अर्धी ढेप फोडून आत. वास जाऊ नये म्हणून तोंडाला फडकं बांधून वर मातीचा लेप. आणि थंडी फार पडली होती म्हणून ते छपराऐवजी चुलीशेजारी भुशात पुरून ठेवलं. पंधरा दिवस. आई येता-जाता म्हणायची, "त्या मडक्यातनं कोण बोलतंय रं?" बुडबुड, बुडबुड. मी म्हणायचो, मुरतंय.

आता शहाण्या माणसाला कळलं असेल काय झालं ते. मी शहाणा होतो, मला कळलं नाही.

शेवटचा दिवस. दुपार कलती. तात्या आले, डोक्याला फेटा, हातात काठी, चेहरा मेसमधल्यासारखा, म्हणजे आत काय चाललंय ते दिसायचं नाही. दादानं पहिलं कणीस त्यांच्यासाठी भाजलं. राखेच्या हातांनी चोळून ओंजळीत दाणे दिले. तात्या म्हणाले, "हुरडा झकास हाय." एवढंच. दादानं दुसरं कणीस खोचलं आणि ते करपवलं. महिन्यात पहिल्यांदा.

मी मडकं आणलं. मातीचा लेप फोडला, तर फडकंच वर उडालं. फस्स करून फेस आला तो माझ्या मनगटावर. मी खूश. म्हणालो, ह्याला सोडा लागायचा न्हाई.

गेनूनं नाक वर केलं. "राव, ह्याचा वास वळखीचा हाय."

"तुला सगळे वास वळखीचे. गप बस."

पितळी पेले भरले. पहिला पाहुण्याला. तात्यांनी पेला नाकाशी नेला. एकच क्षण. मग खाली गुडघ्यावर धरला आणि दादाकडं बघू लागले. मला तेव्हा वाटलं, मानाप्रमाणं जावयानं आधी प्यावं म्हणून थांबलेत.

दादानं पेला उचलला. ओठांपर्यंत नेला.

आणि तिथंच थांबला.

वारा पडला होता. शाळू सळसळत नव्हता. दादाची नाकपुडी हलली, मी बघत होतो. महिनाभर जिला हात लावला नव्हता ती त्याच्या ओठांना टेकून उभी होती, सख्ख्या भावानं भरलेली, सासऱ्याच्या साक्षीनं. कुणी म्हणालं नसतं काही. लोणच्याचंच पाणी ते. त्यानं घोट घेतला असता आणि उद्या म्हणाला असता, मला काय माहीत.

त्यानं पेला खाली घेतला आणि मातीत उपडा केला.

"शंकऱ्या, हे चढतंय."

"चढतंय?" माझा आवाज चढला. "लोणच्याचं पाणी चढतं व्हय कधी?"

"गूळ घातलास. तोंड बांधलंस. उबेला ठेवलंस. मला इचार की. ह्या गावात माझ्याइतकं कुणाला कळतं त्यातलं?"

तात्यांनी तेव्हा आपला पेला जमिनीवर ठेवला. अगदी हळू, मेसमध्ये ठेवतात तसा, आवाज न करता. आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा हलला.

इथं कुणीही समजदार माणूस म्हणाला असता, चुकलं बाबा. मी म्हणालो, "चढत न्हाई. दाखवतो." आणि उभ्यानं एक पेला प्यायलो. "बघा." दुसरा प्यायलो. "कुठं काय चढलंय?" तिसरा मात्र बसून प्यायलो, कारण जमीन जरा जवळ आली होती. सकाळपासून पोटात चार बोरं सोडून काही नव्हतं.

पुढचं मला जसं आठवतं तसं नाही, जसं सांगितलं गेलं तसं लिहितो. मी बैलांना समजावून सांगितलं की हे लोणचं आहे. बैलांनी मान डोलावली. मग मला एकदम वहिनीची आठवण आली आणि रडू फुटलं. तात्यांचे पाय धरायला हवेत, आत्ताच्या आत्ता, असं वाटलं. शाळूच्या मधोमध तात्या उभे दिसले, फेटा बांधलेले, हात पसरलेले. मी गेलो, लोटांगण घातलं, आणि म्हणालो, "तात्या, दादा न्हाई प्यायला. चूक माझी हाय. वहिनीला पाठवा. पोर पळायला लागली असेल, दादाला बघायचंय."

तात्या काही बोलेनात. मी त्यांचे पाय हलवले. एक पाय हातात आला.

ते बुजगावणं होतं.

खरे तात्या माझ्या मागं उभे होते. असे हसत होते म्हणे की काठीवर रेलावं लागलं. "पाठवतो, पाठवतो! आधी त्या माणसाचा पाय त्याला दे." गेनू तर ढेकळांत लोळत होता. आणि दादा, त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते हसण्याचंच होतं असं मी तरी म्हणणार नाही. तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "किसनराव, हजारो पेले भरले मी. भरलेला पेला ओठापासनं परत ठेवणारा तू दुसरा बघितला. उद्या गाडी घेऊन ये."

पहिला कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

त्या संध्याकाळी दादानं मला पाठीवर घेऊन घरी आणलं. पूर्ण रस्ताभर मी त्याला सांगत होतो म्हणे, दादा, मी अजिबात प्यायलेलो न्हाई.

दादा जाऊन आता बारा वर्षं झाली. पुन्हा कधी प्यायला नाही, हे त्याच्या बाराव्याला मी सगळ्यांसमोर सांगितलं. वहिनी आहे. नव्वदीला टेकली. डोळे अधू झालेत, पण मी अंगणात पाऊल टाकलं की आवाजावरून ओळखते आणि विचारते, "भाऊजी, गूळ न्हाई ना घातला?" साठ-सत्तर वर्षं एकच विनोद. मी दरवेळी चिडतो, आणि चिडलो नाही तर तिला करमत नाही. परवा पूर्वाचा तो पेला घेऊन मी तिच्याकडं गेलो. तिनं एक घोट घेतला, पाय झटकला, अगदी दादासारखा. मग उरलेला पेला आम्ही दोघांनी मिळून संपवला. बाहेर कंपनीच्या बसचे हॉर्न वाजत होते.

पूर्वा म्हणाली, "आबा, तुमची रेसिपी सांगा ना, मी लिहून घेते." मी सांगायला लागलो. निम्म्यात तिचा फोन वाजला आणि ती म्हणाली, "समजलं आबा, बाकीचं बघते मी." गेली. मी हाक मारली तिला. थांब म्हटलं. शेवटचं राहिलंय. ती परत आली, हसत. मी शेवटचं सांगितलं. ते मला जिथून मिळालं ते लिहितो आणि थांबतो.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला बैलांच्या घुंगरांनी मला जाग आली. दादा गाडी जुंपत होता. धुतलेलं धोतर, आईनं काढून दिलेली टोपी, गाडीत वैरणीवर घोंगडी अंथरलेली. "येतोस का माणला?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "मला दुसरं काम हाय." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि कासरा ओढला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी मी ते मडकं परसात नेलं, उरलेलं उकिरड्यावर ओतलं, राखेनं तीन वेळा घासलं. डोकं असं ठणकत होतं की सायकलवर बसायची हिंमत झाली नाही. मडकं खांद्यावर घेऊन चालत निघालो. निगडी, आकुर्डी, पिंपरी. ऊन वर आलं तेव्हा सात क्रमांकाच्या बराकीपुढं उभा होतो. देवीमावशी पापड वाळत घालत होती. तिनं मडकं बघितलं, माझे डोळे बघितले, आणि कमरेवर हात ठेवले.

"गुड़ डाला?"

"डाला."

"मुँह बाँधा?"

"बाँधा."

"उस दिन पीछे से चिल्लाती थी मैं."

मी तिच्या ओट्यावर बसलो, मडकं दोन पायांमध्ये ठेवलं आणि म्हणालो, "मावशी, पुन्हा सांगा."

तिनं गाजरांपासून सुरुवात केली, आणि मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.